तीन वर्षं बाकावर

अण्णा,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इतकी वर्षं मी गप्प राहिलो. दरवर्षी तुमच्या फोटोला हार घातला. बीडच्या बाजारात तुमचा कुणी जुना विद्यार्थी भेटून 'सरांसारखा निःस्पृह माणूस पुन्हा होणे न्हाई' म्हणाला की मान हलवली. आज मला मान हलवायची नाही. भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, ठिबकच्या नळ्यांच्या गुंडाळ्यांवर बसून तुम्हाला लिहितोय, आणि लिहिताना दात एकमेकांवर घासले जातायत.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात दोन वर्षांची होती. ती आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि व्हॉलीबॉल खेळते. मागं उभी राहून समोरची सर्व्हिस उचलते, रिसीव्ह करते. मी करायचो तेच. म्हणजे तुम्ही करू दिलं असतं तर मी केलं असतं तेच. पहिलं वर्ष तिनं बाकावर काढलं. यंदा तिला मध्येच दोन-चार पॉइंटांपुरतं आत घेतात आणि पुन्हा बसवतात. तिच्या जागी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी खेळते, तिचं हे शेवटचं वर्ष. गेल्या आठवड्यात भाकरी खाता खाता नातीनं मला विचारलं, "पप्पा, ताई पुढच्या वर्षी न्हाई. मग मला पूर्ण मॅच मिळेल का? का तवा बी दुसरी कुणी येईल?" मी म्हणालो, "मिळेल की." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जेवत राहिली. तिला ते खरं वाटलं नाही. माझ्या आवाजात काय होतं ते मला माहीत होतं. ते तुम्ही घालून ठेवलेलं होतं.

तुम्ही कॉलेजचे क्रीडाशिक्षक आणि मी त्याच कॉलेजात तुमचा खेळाडू. लोकांना वाटायचं, पोराचं नशीब काढलं. आजोबा लिंबागणेशच्या माळावर मेंढरं राखायचे, त्यांच्या घरातला तुम्ही पहिला शिकलेला, पहिला पॅन्टवाला. तुमच्या नावाला डाग लागू नये याची तुम्हाला फार काळजी होती. ती काळजी तुम्ही सगळी माझ्यावर खर्च केली. सकाळी साडेपाचला मुरमाच्या कोर्टवर सगळ्यांच्या आधी मला उभं करायचात. पाणी मी मारायचं, नेट मी बांधायचं, चुन्याच्या रेघा मी ओढायच्या. मग मॅच सुरू झाली की मी बाकावर. पहिलं वर्ष मला काही वाटलं नाही, पहिल्या वर्षाला सगळेच बसतात. दुसऱ्या वर्षी मी घरामागच्या भिंतीवर कोळशानं गोल काढला आणि रोज संध्याकाळी त्या गोलात बॉल परत मारत राहिलो. मनगटं सुजायची. तुम्ही दारातून बघायचात, काही बोलायचा नाहीत, आणि शनिवारी पुन्हा दुसऱ्याच सहा जणांची यादी वाचायचात.

माझ्या जागी खेळायचा तो गॅरेजवाल्याचा पोरगा. आडदांड, हसरा, हातांना कायम ग्रीसचा वास. त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता, तो तेव्हाही माझा दोस्त होता आणि आजही आहे. सरावानंतर तुम्ही टीमला घरी आणायचात. आई चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायची आणि तुम्ही पातेल्यात सहा अंडी उकडायचात, खेळणाऱ्या सहा जणांना. मी सातवा. एके दिवशी आईनं गुपचूप सातवं अंडं टाकलं. तुम्ही पातेलं उतरवलंत, मोजलंत, आणि सातवं उचलून सगळ्यात उंच होता त्याच्या ताटात दुसरं म्हणून टाकलंत. आई म्हणाली, "अहो, पोरगं बी सकाळपासनं उपाशी हाय." तुम्ही म्हणालात, "जो खेळतो त्यानं खायचं." आईनं विचारलं, "मग खेळवा की त्याला. कावून बसवता?" सगळी पोरं खाली माना घालून खात होती. तुम्ही हसलात, अण्णा. त्या पोरांदेखत हसलात आणि म्हणालात, "उद्या गाव म्हणंल मास्तरनं पोरगा घुसवला. तुला काय कळतंय त्यातलं?" गॅरेजवाल्याच्या पोरानं आपलं अर्धं अंडं माझ्याकडं सरकवलं. मी ते घेतलं नाही. तुमच्यासारखाच ताठा होता ना माझ्यात.

आता कडा गावात झालेली ती मॅच. तुम्हाला ती तुमच्या परीनं आठवत असेल, मी माझ्या परीनं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा. माझं तिसरं वर्ष. शेवटच्या सेटमध्ये दोस्ताचा पाय मुरगळला. बाकावर दोघंच होतो आणि दुसऱ्याला ताप होता, म्हणून तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "जा. नुस्ता हात जोडून उभा राहा." मी गेलो. मी पाच सर्व्हिस उचलल्या, अण्णा. पाचही सेटरच्या डोक्यावर, जशा भिंतीवरच्या गोलात जायच्या तशा. सहाव्या वेळी समोरच्यांना मॅच जिंकायला एकच पॉइंट हवा होता आणि त्यांचा सर्व्हिसवाला माझ्याकडंच बघत होता. तेवढ्यात तुम्ही बाहेरून ओरडलात. मला नाही, माझ्या शेजारच्याला. "ए, त्याच्या बाजूचा बी तूच घे! त्याच्यावर सोडू नको!" सगळ्या ग्राउंडनं ऐकलं. समोरच्या टीममधले दोघं हसले. शेजारचा गोंधळून एक पाऊल माझ्याकडं सरकला आणि थांबला. बॉल सरळ माझ्याकडं आला. माझे हात जोडलेले होते, गुडघे वाकलेले होते, बॉल छातीसमोर होता. मी हात सोडले.

सुटला नाही, सोडला. बॉल माझ्या पायांत पडला आणि मॅच गेली. परतीच्या टेम्पोत तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आता कळलं का, कावून बसवत हुतो?" मला वाटलं होतं, तुमची मॅच हरवून माझा सूड पुरा होईल. उलट मी तुम्हाला पुरावाच हातात दिला. तुम्ही तो आयुष्यभर वापरलात. मी पुन्हा कोर्टवर पाय ठेवला नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, का येत नाहीस म्हणून. तुमची अडचण सुटली होती.

तुम्ही गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठून एकच गोष्ट सांगत होती, 'सख्ख्या पोराला तीन वर्षं बाकावर बसवलं, पण तत्त्व सोडलं न्हाई.' टाळ्या पडल्या, शोकसभेत टाळ्या. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी म्हणालो, अण्णांनी मला न्याय शिकवला. तुमच्यासाठी मी बोललेलं ते शेवटचं खोटं.

गॅरेजवाल्याचा तो पोरगा आज नातीच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक आहे. केस पिकले, पोट सुटलं, पण शिट्टी अजून दमदार आहे. तो गुरुवारी दुकानात आला. चहा मागवला आणि म्हणाला, "रविवारी तुझ्या पोरीला पूर्ण मॅच देतोय. पहिल्यापासून. त्या मोठीला पुढं घेतो, तिची उडी चांगली हाय. मागं तुझीच पोरगी पाहिजे. हात बघितलेस तिचे? पाण्यासारखे वळतेत." आणि मी काय बोललो सांगू? मी म्हणालो, "घाई कावून करतो? कच्ची हाय अजून. लोक म्हणतील दोस्ताची पोरगी घुसवली."

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे कोण बोलतंय बे?"

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, इतकी वर्षं पोटात ठेवलेली. "मी सरांना तीनदा म्हणलतो, मला काढा, ह्याला घ्या. ह्याचे हात माझ्यापेक्षा लई चांगले हायत. माहीत हाय सर काय म्हणले? म्हणले, तू बाहेर बसलास तर तुझा बाप तुला गॅरेजात ओढील, तुझं कॉलेज सुटंल. हा बसला तरी माझ्याच घरी येतो." तो डोळे पुसत होता. "मी शिकलो ते त्यामुळं, यार. तुझ्या जागंवर उभा राहून शिकलो. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई."

अण्णा, हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, आता बापाला माफ करणार. मला इतका राग आला की कपातला चहा मी दाराबाहेर फेकला. त्याच्यावर नाही, तुमच्यावर. एका पोराला कॉलेजात ठेवायला म्हणून दुसऱ्याला बसवलंत, ठीक. चांगलं काम केलंत. पण मला सांगायला तुमची जीभ का झडली होती? वीस वर्षांच्या पोराला एका संध्याकाळी त्या भिंतीपाशी येऊन म्हणाला असतात, 'बाळा, असं असं हाय, त्याच्यासाठी बस,' तर मी बसलो असतो. आनंदानं बसलो असतो, त्याच्या पाण्याची बाटली भरून दिली असती. तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण मला सांगायची गरज आहे असं तुम्हाला वाटलंच नाही. मी घरचा. घरच्या माणसाला काय विचारायचं? आणि आईपुढं 'गाव काय म्हणंल' म्हणालात, ते खोटं होतं की तेही खरं होतं? दोन्ही खरं असेल तर तुम्ही दुहेरी मान मिळवलात, एक गावाचा, एक त्या पोराचा, आणि दोन्हींची झळ मी सोसली.

दोस्त जाताना म्हणाला, "मी तुला विचारायला न्हवतो आलो. सांगायला आलतो. रविवारी ये."

रविवारी गेलो. पोरगी पहिल्या सहांत उभी होती, वेणी घट्ट, गुडघ्यांना पट्टे. पहिली सर्व्हिस तिच्याकडं आली आणि तिच्या हातावरून उडून थेट प्रेक्षकांत गेली. दुसरी नेटमध्ये. समोरच्यांनी ओळखलं, आता सगळ्या सर्व्हिस तिच्यावरच येऊ लागल्या. तिसरी तिच्या मनगटाला लागून मागं गेली. माझ्या शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, "काढा की तिला." मी दोस्ताकडं बघितलं. तो बाकासमोर हाताची घडी घालून उभा होता. पोरीनं त्याच्याकडं वळून बघितलं, आता बाहेर बोलावतील म्हणून एक पाऊल टाकलंही. तो ओरडला, "इकडं कावून बघती? बॉल तिकडनं येणार हाय!"

ती वळली. पुढची सर्व्हिस तिनं उचलली, वाकडी, पण उचलली. मग आणखी एक. तिसऱ्या सेटपर्यंत ती मागची सगळी बाजू एकटी धरून होती आणि एकदा तर पालथी पडून तिनं जमिनीपासून बोटभर वरचा बॉल काढला, तेव्हा तो मघाचा गृहस्थ उभा राहून ओरडला. शेवटी मॅच हरलो आम्ही, थोडक्यात. पोरगी धुळीनं माखून माझ्याकडं आली. मला वाटलं रडेल. तिचे डोळे नुसते चमकत होते. म्हणाली, "पप्पा, तीन सुटले तरी सरांनी काढलं न्हाई मला. पुढची मॅच बी देतो म्हणले." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फार काही बोललो नाही.

बोलता आलं नाही, त्याचं कारण तिला कळू नये. तिचा तिसरा बॉल सुटला ना, अण्णा, त्या क्षणी मला बरं वाटलं. एक क्षणभरच. मी गुरुवारी बरोबर बोललो होतो, असं वाटून छातीत काहीतरी सैल झालं. माझ्या स्वतःच्या पोरीचा बॉल सुटला आणि मी आत कुठंतरी सुखावलो. मग माझीच मला इतकी किळस आली की दोन पॉइंट मला कोर्ट दिसलं नाही.

हे मी तिला सांगू शकत नाही, बायकोला नाही, दोस्ताला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. हा कागद कुठं पाठवायचा नाही आणि तुम्ही तो कुणाला वाचून दाखवणार नाही. तुम्ही मेलेले आहात, तेवढं एक तुमचं मला आज सोयीचं वाटलं.