घोरण्याचं रेकॉर्डिंग

दीपिकाचे पप्पा,

मी पिंगळीला चाललेय, रातच्याला झोपायच्या आत परत येते. भाकरी टोपल्यात हायत. कोकराला बाटलीनं दूध पाजा.

हो, झोपेच्या आजारावरच्या शिबिरात तुमच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग सगळ्या बायांपुढं मीच वाजवलं. तुमाला लाज वाटली म्हणं. वाटू द्या! घोरता घोरता तुमचा श्वास मधीच बंद पडतो, ते ऐकून कितीक बाया म्हणाल्या, आमच्या घरी बी असंच हाय. म्हणून तर डॉक्टर मॅडमनं आज पिंगळीला बोलावलंय. तिथं बी वाजवणार.

मंगळवारी तुमाला तपासायला परभणीला नेणारच. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

आज तरी रागानं शेतात मेंढरांपशी झोपायला जाऊ नका. तिथं श्वास अडकला तर हलवून कोण उठवणार, मेंढरं?

विजयमाला