सकाळची बोटं

सोमवार, ४ फेब्रुवारी

खरं सांगितलं. पुन्हा नाही मिळाली.

हा चौथा छापखाना. सगळं छान चाललं होतं. मी शिवलेली दोन पुस्तकं मॅनेजरनं उलटून-पालटून पाहिली, त्यांची पाठ वाकवून पाहिली, खूश झाला. मग मीच तोंड उघडलं — मला आमवात आहे, सहा वर्षं झाली, सकाळी बोटं आखडतात, साडेदहापर्यंत सुटतात, मग म्हणाल तितका वेळ थांबीन. त्याचा चेहरा असा मऊ झाला की तेव्हाच कळलं. 'तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं हे काम जरा...' माझ्या तब्येतीची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती!

आई म्हणाली, 'हात दाखवून अवलक्षण. कुणी विचारलं होतं तुला?'

कुणीच नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

नळ सुटेना. दोन्ही तळव्यांत धरून फिरवला. बटणं आईनं लावून दिली — एकेचाळीस वर्षांची घोडी मी!

दुपारी दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'सांगायचंच. लपवून किती दिवस काढाल? उशिरा सुरुवात मागणं म्हणजे भीक नव्हे.' बोलायला काय जातं! इंजेक्शन चालू ठेवायला मला नोकरी हवी, आणि नोकरी मिळायला इंजेक्शन लपवायला हवं, त्याचं काय करू? हे विचारायला हवं होतं. नेहमीप्रमाणे जिना उतरल्यावर सुचलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

एका बाइंडिंगखान्याचा फोन. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, जुनी दप्तरं — सगळी हातशिलाई, यंत्र नाही. मला हवं तेच! मालक स्वतः बोलले. 'उद्या सकाळी नऊला या, पानांचे चार फर्मे शिवून दाखवा.'

नऊला मला कप धरता येत नाही. तोंडातून निघून गेलं, 'दुपारी चालेल का? आईला संधिवात आहे हो, हात चालत नाहीत, सकाळी तिचं सगळं मलाच करावं लागतं.'

फोन ठेवला. समोर आई स्टुलावर चढून माळ्यावरची ट्रंक ओढत होती.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मिळाली!!

दुपारी दोनला गेले. बोटं बरी होती. फक्त गाठ आवळताना अंगठ्यात जोर येईना, म्हणून दोरा दातांत धरून ओढला. वाटलं, संपलं. तर मालक — सत्तरीचे असतील — खुर्चीतून उठलेच. 'वा! दातानं गाठ ओढणारं माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. जुन्या हाताखाली शिकलेल्या दिसता!' मी मान हलवली. काय करणार?

मग म्हणाले, 'सकाळी आईचं असतं ना तुम्हाला? साडेदहाला आलात तरी चालेल. संध्याकाळी थांबा थोडं. आईपेक्षा का नोकरी मोठी?'

हेच. शब्दाला शब्द हेच मी चार ठिकाणी स्वतःसाठी मागितलं होतं. रडूच आलं. त्यांना वाटलं, आईच्या काळजीनं.

आईला सांगितलं. 'मला पांगळी केलीस?' म्हणून दोन मिनिटं फुगून बसली. मग म्हणाली, 'घे माझं नाव. मला कुठं नोकरी करायचीय!'

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

बोटं ठीक. खोटं त्याहून ठीक चाललंय.

सोमवार, ४ मार्च

मालक रोज विचारतात, 'आई कशा आहेत?' आणि मी रोज खरंखरं सांगते. काल मनगट सुजलं होतं, आज उतरलंय. बरणीचं झाकण उघडेना. सकाळी रडवेली झाली होती. ते खळ ढवळता ढवळता सगळं ऐकून घेतात, कोमट पाण्यात मीठ टाकायला सांगतात. इतकं नीट माझं दुखणं कुणी ऐकलेलं नाही.

काल भाजीबाजारात नेमके समोर आले! आईच्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या. मी हळूच म्हटलं, मालक. तिनं पिशव्या टाकल्या आणि लंगडायला लागली. हात सांगितले होते गं, हात! पण ती आपली लंगडतेय, वर कण्हतेय. ते गेल्यावर दोघी पोट धरून हसलो. घरी येईपर्यंत माझं हसू पार आटलं होतं.

शुक्रवार, २२ मार्च

आज सांगणारच होते. सकाळपासून घोकत होते. माणूस भला आहे, समजून घेईल.

जेवणाच्या सुट्टीत मीच विषय काढला, माझ्या आधी कोण होतं या जागेवर? म्हणाले, 'होती एक. हात चांगला. पण मनगट दुखायला लागलं तिचं. प्रामाणिक बाई, स्वतः येऊन सांगितलं.'

मग?

'मग कसं ठेवणार? हातानं अधू माणूस या कामात काय कामाचं? वाईट वाटलं मला. तुमचं वेगळं. तुम्ही आईची सेवा करता.'

मी डबा बंद केला. दुपारभर टाके नीट पडत होते, याचाच राग येत राहिला. स्वतःची लाज वाटते. पण नोकरी हवी आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

आई गेली. सकाळी, दूध तापवताना. हृदय बंद पडलं म्हणाले. एकही दिवस अंथरुणाला खिळली नव्हती.

गॅस बंद करायला मला दोन्ही हात लागले.

गुरुवार, ११ एप्रिल

बाइंडिंगखान्यातली सगळी माणसं येऊन गेली. 'फार सोसलं हो त्यांनी,' म्हणत होती. शेजारीण चमकून माझ्याकडे बघत राहिली. आईला कधी काही सोसावं लागलं नव्हतं. सोसणं माझं होतं. मेल्यावरसुद्धा मी तिला नीरोगी होऊ देत नाहीये.

अंघोळीनंतर बटणं लावायला चाळीस मिनिटं लागली. मग नाद सोडला, वरून शाल घेतली. आई, मला माफ कर.

शनिवार, २० एप्रिल

मालक भेटायला आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. जाताना म्हणाले, 'फार केलंत तुम्ही त्यांचं. आता सकाळच्या मोकळ्या झालात. सोमवारपासून नऊला येत जा, तेवढंच मन रमेल.'

मी हो म्हणाले.