प्रज्ञाची लाईन

राजूर, ता. अकोले

आदरणीय दाजींस भीमराजचा सप्रेम जय भीम.

आक्काच्या गुडघ्याला आता कसं आहे? मागं पाठवलेलं तेल संपलं असेल तर कळवा (आणि संपलं नसेल तर ती लावतच नाही असं मी समजेन). तुम्ही ते कानाचं यंत्र घालता की अजून उशाशीच ठेवता? इकडे मी आणि प्रज्ञा खुशाल आहोत. दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, त्यामुळे मान वर करायला सवड नाही.

हे सगळं खरं तर फोनवरच सांगणार होतो. पण मी "दाजी, लाईनीचा घोटाळा झाला" म्हणालो की तुम्ही "व्हय रे, मलाबी खरखर ऐकू येतीय" म्हणून दर वेळी फोन ठेवता. म्हणून शेवटी कागद घेतला. नेवाशाचं स्थळ तुम्ही सुचवलेलं, तेव्हा झालं ते त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका.

दाजी, तुम्ही सारी नोकरी रेल्वेच्या लाईनवर चालत काढलीत, मी टेलरिंगच्या लाईनला, रेशनला माणसं लाईनीत उभी राहतात, आणि वीज गेली की आपण म्हणतो लाईन गेली. कॉलेजची पोरं स्टँडसमोर काय मारतात, तीही लाईनच. एवढ्या सगळ्यांना मिळून एकच शब्द, म्हणजे एकाच मापाचा सदरा सगळ्या घराला घातल्यासारखं आहे. कुणाच्या तरी काखेत उसवणारच. तो आमच्याकडे उसवला.

मुलाकडची मंडळी सांगितल्या वेळेच्या बरीच आधी राजुरात उतरली. मुलगा सम्राट, त्याची आई बनाबाई आणि चुलते रंभाजी. आल्यासरशी आमच्या घरी न येता रंभाजींनी नाक्यावर गोरक्षनाथच्या हॉटेलात चहा मागवला, आणि भीमराज टेलरची पोरगी कोणत्या लाईनला हाय, अशी चौकशी केली. (चौकशी करावीच माणसानं. मी त्यांच्या जागी असतो तर दोन हॉटेलांत चहा प्यालो असतो.) आता गोरक्षनाथला आमच्या पोरीचं कौतुक फार. तो काय बोलला ते त्यानंच मला नंतर मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"प्रज्ञा व्हय? ती दिसभर लाईनवरच असती की! घाटाखालच्या वाड्यांपासून समद्या लाईनी तिच्याच. रातीअपराती कुनाचाबी फोन येऊ द्या, न्हाई म्हनायची न्हाई."

प्रज्ञा वीज मंडळात खांबावर चढायच्या कामाला आहे, एवढं एक वाक्य त्यानं जोडलं असतं तर हे पत्र एका पानात संपलं असतं. आणि मीही तुम्हाला नुसतं "पोरगी सरकारी नोकरीत चिकटली" एवढंच कळवलं होतं, म्हणजे तुम्हीही त्यांना तेवढंच सांगितलेलं.

मंडळी घरात आली ती चपला न काढल्यासारखी बसली. पाणी दिलं, कोणी घेतलं नाही. सम्राट मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. तो बिचारा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचत होता. मी पाऊसपाण्याचं काढलं, कोणी धरलं नाही. मग रंभाजींनी खाकरून सुरुवात केली.

"पाव्हणं, स्पष्ट बोलतो. आमच्या घरात लाईनबिईन चालत न्हाई."

मला भारीच कणव आली. एवढा उसाचा मुलूख आणि घरात वीज नाही! मी म्हणालो, "काळजी करू नका. प्रज्ञा आली की चालू करील."

रंभाजींचा चेहरा लाल झाला. "आमच्या सात पिढ्यांत असलं कधी न्हवतं!"

"मग पंप कशावर चालवता?" मी विचारलं.

दाजी, आजही मला वाटतं की प्रश्न रास्त होता. पण रंभाजी ताडकन उठले. त्याच क्षणी प्रज्ञा पोह्यांचा ट्रे घेऊन आली, आणि त्याच क्षणी पंखा थांबला. बाहेरून गिरणीवाला वाल्मिक ओरडतच आला, "प्रज्ञाताई, फांदी पडलीय तारंवर, लाईन गेली!" प्रज्ञानं इकडे तिकडे पाहिलं. जवळ सम्राट होता. "धरा जरा," म्हणून तिनं ट्रे त्याच्या हातात दिला आणि आत गेली. साडी सोडून, पँट-शर्ट चढवून, बूट घालून ती बाहेर पडली सुद्धा. रंभाजी उभेच होते. ते म्हणाले, "ही कुठली लाईन?" आणि तिच्या मागं निघाले. मग आम्ही सगळेच निघालो. सम्राटही, ट्रेसकट. (ट्रे खाली ठेवता येतो हे त्याला कोणी सांगितलं नाही.)

प्रज्ञानं सबस्टेशनला फोन करून लाईन बंद घेतली. बंद झाली का म्हणून पुन्हा विचारलं. तारांत वीज नाही याची स्वतः खात्री केली, हातमोजे घातले, पट्टा बांधला आणि चढली. तिनं फांदी तोडली, सैल झालेली तार ओढून घेतली. मी अशा वेळी खाली बघतो. रंभाजी मात्र मान मागं टाकून टोपी हातात धरून बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या तोंडातून निघालं, "आरं तिच्या! ही लाईन व्हय!"

ती उतरली तेव्हा बनाबाई पुढं झाल्या. "भ्या वाटत न्हाई का गं पोरी?"

"वाटतं की," प्रज्ञा म्हणाली. "म्हणून तर आधी लाईन बंद घेते."

बनाबाईंनी पदरानं तिचं कपाळ पुसलं. मग घरी येऊन सगळ्यांनी गार पोहे खाल्ले, आणि निघताना बनाबाई मला म्हणाल्या, "आमाला पोरगी पसंत हाय. आमचा पोरगा तिला पसंत हाय का, ते तुमी इचारून कळवा." मी विचारलं. "आहे," म्हणाली, आणि आंघोळीला गेली. तेव्हा दाजी, काम झालं असं समजा. तुमच्यामुळे एवढं चांगलं स्थळ जुळलं, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आक्काला नमस्कार.

आपला,
भीमराज

ता. क. : ते लोक तारीख धरायला आधी तुमच्याकडे येतील. काहीतरी कारण काढून जरा लांबवा. आक्काचा गुडघा म्हणा, माझी तब्येत म्हणा. नाही म्हणू नका, नुसतं लांबवा. घरात आम्ही दोघंच आहोत, दाजी. ती नेवाशाला गेली की संध्याकाळी दुकान बंद करून मी कुणाकडे जायचं, याचा विचार अजून केलेला नाही.

ता. क. २ : आतोबा, मी प्रज्ञा. पत्र पोस्टात टाकायला बाबांनी माझ्याकडेच दिलं. लांबवू नका. मी बदली मागणार नाही. सम्राटशी फोनवर बोललेय, तो राजूरला मेडिकलमध्ये लागायला तयार आहे, शेजारची खोलीही बघून ठेवलीय. बाबांना एवढ्यात सांगू नका, नाहीतर गणवेश टाकून उद्याच खोली रंगवायला घेतील.