डोंगरावरचा अंगारा

बाबा, यंदाही त्या डोंगरावर येऊन बसले आहे. गुडघे कुरकुरतात, पण येताना अर्धी गोणी कचरा भरला, एवढं ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

ऐंशीच्या दशकातली ती उन्हाळ्याची सुट्टी आठवते? ट्रॉयच्या आपल्या घरून गाडीने कोलोरॅडो, डिकीत आईच्या दशम्या आणि बासमतीची एक रिकामी गोणी. लोक डोंगर चढायला यायचे, तुम्ही डोंगर झाडायला. एरवी ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करणारा माणूस वाकून वाकून बिअरचे कॅन, फिल्मच्या डब्या, फाटके मोजे उचलतोय, आणि मी चार पावलं मागे, आपण यांच्याबरोबर नाहीच अशा थाटात. ‘बाबा, पीपल आर स्टेअरिंग!’ ‘करू दे स्टेअर. त्यांचाच कचरा आहे, ओळखत असतील.’

माथ्यावर एका सपाट दगडावर रानफुलं होती आणि मधोमध थोडी राख. तुमचा चेहरा उजळला. ‘अगं, इथे कुणीतरी आपल्यातलं येऊन गेलंय! होम केलेला दिसतोय.’ लगेच बूट काढलेत, चिमूटभर राख अंगारा म्हणून स्वतःच्या कपाळाला लावलीत, मग आईच्या, मग माझ्या. आईने हात जोडले. तेवढ्यात पलीकडच्या खडकाआडून लाल टोपीवाला एक गोरा उठला. हातात अर्धं सँडविच, काखेत कॉफीचा डबा. अगदी अदबीने म्हणाला, ‘सर, दॅट्स माय ब्रदर.’ आईचं इंग्रजी बेताचं, पण ती राख कसली हे तिला पहिल्याच फटक्यात कळलं. चौदा हजार फुटांवर, जवळ एक बाटली पाणी असताना, तिला तिथल्या तिथे अंघोळ हवी होती. तुम्ही ‘व्हेरी सॉरी’ म्हणत त्याला अंगारा समजावून सांगितलात, तर तो हसता हसता रडायलाच लागला. आपल्या भावाला जन्मात कुणी एवढा मान दिला नव्हता, म्हणाला. आणि तुम्ही गोणी पुढे केलीत! ‘तो डबा रिकामा झाला असेल तर द्या, इथे नको राहायला.’

उतरताना तुम्ही आणखी एक कॅन उचलून गोणीत टाकलात. मग म्हणालात, ‘कॅन उचलता येतो गं. माणूस कसा उचलणार? माझं काही वर ठेवू नकोस हं.’ मी ‘ओके’ म्हणून मोकळी झाले.

तुम्ही गेलात. आईने आणि मी तुम्हाला गोदावरीत सोडलं, पण मूठभर रक्षा मी मागे ठेवली, त्याच कॉफीच्या डब्यात. आईने तो कधी घरात येऊ दिला नाही, तुम्ही गॅरेजमध्ये त्यात स्क्रू ठेवायचात. मला तुम्ही या डोंगरावर हवे होतात, तुम्हाला डोंगर स्वच्छ हवा होता. तुमची आठवण अजून फार येते, बाबा. म्हणून दर वर्षी तुम्हाला वर आणते, शेजारी बसवते आणि परत खाली नेते.

हे पत्र दगडाखाली ठेवायचं घरून ठरवलं होतं. पण कागद तो कागदच, पहिल्यांदा तुम्हीच उचलला असता. तेव्हा खिशातच राहू दे.

आणि एक. आई आता तिकडेच आहे, तिला सांगू नका. निघण्याआधी मी डब्याचं झाकण उघडते, चिमूटभर तुम्हाला माझ्या कपाळाला लावते, आणि खाली जाऊन अंघोळ न करताच जेवते.