देवी हसली, भिंग ठरलं

३ फेब्रुवारी
मामंजींच्या ऑर्किडला कळी आली. एकच. संकर त्यांनी स्वतः केलेला, रोप फुलायला चार-पाच वर्षं लागली, आता मुळं कुजतायत. पुन्हा फुलेलसं वाटत नाही. मार्चच्या प्रदर्शनात जिवंत फूल आणि अगदी जवळून काढलेला फोटो दिला की नव्या जातीची नोंद होते. नाव ठरलंय, पी-युन. आमच्या गेलेल्या सासूबाईंचं.
मामंजी फोटोग्राफर बोलवू म्हणाले. घरात ह्यांचा कॅमेरा धूळ खात असताना? फोटो मी काढणार. निश्चय.

७ फेब्रुवारी
जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. मालक कुओ. मॅक्रो लेन्स दाखवली, बारीक वस्तू मोठी टिपणारी. वापरलेली, तरी किंमत ऐकून पाणी मागितलं. मग रिंगा दाखवल्या. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायच्या. नुसत्या पोकळ, आत काच नाही, म्हणून स्वस्त. म्हणाला, "मावशी, रिंगांनी मोठं दिसेल, पण भिंग फुलाला टेकेल इतकं जवळ न्यावं लागेल. मॅक्रोनं लांबून काढता येतं."
लांबूनच काढायचं तर जवळच्या फोटोसाठी एवढे पैसे कशाला? हे ऐकून त्याने मॅक्रो परत कपाटात ठेवली. तरी देवीला विचारल्याशिवाय खर्च करायचा नाही.

८ फेब्रुवारी
देवळात माझूदेवीपुढे कौल लावला, चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका जमिनीवर टाकून. मॅक्रो घेऊ का? दोन्ही फाका फुगीर पाठ वर करून पडल्या. साफ नकार. देवीलाही हिशोब कळतो.
रिंगा घेऊ का? दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली. एक उलटी, एक सुलटी पडली की होकार, तोही सलग तीनदा लागतो. माझ्यापुढे देवी सलग तीनदा हसली! रांगेतली बाई म्हणाली, "अहो, हसली म्हणजे प्रश्नच धड नाही. नीट विचारा." लोकांना दुसऱ्यावरची कृपा बघवत नाही.
रिंगा घेतल्या. घरीही सगळ्यांना सांगितलं, देवी तीनदा हसली म्हणून. कॅमेऱ्याचा पट्टा फुकट मागितला. दिला नाही.

१५ फेब्रुवारी
सराव. स्टँड नको, तांदळाची पिशवी पुरते. उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशपुढे दुधाचा खोका कापून लावला. देव्हाऱ्यातल्या अननसाच्या केकवरची मुंगी टिपली. एक मिशी स्पष्ट, बाकी धुकं. श्वास सोडला की मिशीही जाते. श्वास रोखायचा सराव, उद्यापासून.
जाऊ हुइ-चुआनने पाहिलं. "ताई, उदबत्तीच्या धुराचा छान आलाय." तिला मुंगी दिसलीच नाही. बघायलाही दृष्टी लागते.

२४ फेब्रुवारी
फूल उमललं. फिकट पिवळं, मधली पाकळी जांभळट. मामंजी समोर खुर्ची टाकून बसले. आतून ऐकलं, "पी-युन, चहा घेतेस?" म्हाताऱ्यांचं असंच.

२५ फेब्रुवारी, दुपार
सगळे झोपलेले. सगळ्या रिंगा लावल्या. अजून मोठं हवं म्हणून अजून जवळ गेले. श्वास रोखला. तांदळाची पिशवी सरकली.
मधली पाकळी गळून पडली. मुळात नाजूकच होती.

संध्याकाळ
मामंजींच्या बाहीचाच धक्का लागला असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. विचार केला तर तेच बरोबर. हुइ-चुआन म्हणाली, "मामंजी तर झोपले होते ना, ताई?" मी तिला भांडी घासायला लावली.
मामंजी म्हणाले, "असेल. हात थरथरतात हल्ली." मग सासूबाईंच्या तसबिरीपुढे वाकून बराच वेळ माफी मागत होते. मला फार वाईट वाटलं. म्हातारपण शत्रूलाही नको.

२६ फेब्रुवारी
फोटो पाहिले. एकात पाकळीची कड स्पष्ट आहे. बाकी धुकं. प्रदर्शनवाल्यांना फोन केला, फुलाऐवजी फोटो चालेल का. फोनवरच्या बाई हसल्या. शुभ लक्षण.

२७ फेब्रुवारी
मामंजींनी कॅमेरा मागितला. मला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी स्क्रीन पाहिलाच नाही. भिंग उन्हाकडे धरलं. काचेवर दोन पिवळे कण चिकटलेले. मी म्हटलं, "धूळ असेल, पुसते." ते म्हणाले, "हात लावू नकोस. परागकण आहेत. पी-युनचे."
दात कोरायच्या काडीने अलगद उचलून त्यांनी ते दुसऱ्या रोपाच्या फुलात बसवले. हात जराही थरथरला नाही.
हुइ-चुआन दारात उभी होती. मी पुसायचं फडकं घडी करून ठेवलं.
मग मामंजी म्हणाले, "ह्याच्या बियांतून निम्मी तरी येईल ती. पण फुलायला पुन्हा चार-पाच वर्षं. देवळात जाऊन ये. विचार, तेवढा मी असेन का."

२८ फेब्रुवारी
कौल लावला. काय पडलं ते इथे लिहीत नाही. रांगेत आज तीच बाई होती, 'नीट विचारा' म्हणणारी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
घरी आले. मामंजी रोपाला पाणी घालत होते. म्हटलं, होकार आला, सलग तीनदा.
ते पाणी घालतच राहिले. मान वर न करता म्हणाले, "हसली नाही ना गं?"