गिळलेला घोट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून करणार होतो, पण मग वर कोण उचलणार, हा प्रश्न आहे. तुझी भावजय सध्या हसण्यात गुंतली आहे. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? भाऊजींचं हल्ली कुणाशी बोलणं बंद आहे? मागच्या वेळी शेजारी होते. सगळ्यांची खुशाली सविस्तर कळव, कारण मला आता दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला बरं वाटतं.

आम्ही इकडे मजेत आहोत. फक्त माझं नाक गेलं आहे. जागेवरच आहे, चष्मा त्याच्यावरच टेकवतो, पण त्याला वास येत नाही. साधी सर्दी झाली होती, ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. हे मला कळलं ते असं, की मी गॅसपाशी उभा राहून पेपर वाचत होतो आणि दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याचा कोळसा झाला तरी मी अग्रलेखातच होतो. तुझी भावजय बाहेरच्या खोलीतून नाकाला पदर लावून धावत आली. आधी ओरडली, मग तिला खरा प्रकार कळला आणि ती शांतपणे म्हणाली, "चला, आता माझ्या आमटीला नावं ठेवणं तरी बंद होईल." तेव्हापासून ती खुशीत आहे. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, की वास परत येईल, येईल तेव्हा येईल. याची त्यांनी फी घेतली.

आता इतर कुणाचं नाक गेलं तर बिघडत नाही. भाऊजींचं गेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण चहाच्या कंपनीत मी मुख्य टेस्टर, मला पगार मिळतो तोच नाकाचा. लोकांना वाटतं चव जिभेवर असते. जिभेला बिचारीला गोड, कडू, तुरट एवढंच समजतं, बाकी सगळा कारभार नाक बघतं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर माझी खुर्ची आमच्या दुय्यम टेस्टरला मिळाली असती. त्याला आम्ही होयबा म्हणतो. माणूस गुणी आहे, पण इतकी वर्षं माझ्याकडे बघून मान हलवत आल्यामुळे त्याला स्वतःचं मत आहे की नाही, हे त्यालाही नक्की ठाऊक नसावं. ताई, मला खरंच भीती वाटली. मला चहा सोडून दुसरं काही येत नाही, हे तुझ्याइतकं कोण जाणतं?

आणि नेमका त्याच आठवड्यात 'मेजवानी' आला. मेजवानी हा चहा आहे. ही कल्पना आमच्या विक्रीप्रमुखांची. (त्यांना झोपेतही कल्पना सुचतात आणि ते उठून त्या लिहून ठेवतात, हे कंपनीचं दुर्दैव.) त्यांचं म्हणणं असं, की लोकांना जेवणानंतर गोड हवं असतं आणि वजनही वाढायला नको असतं, तर त्यांनी गोड प्यावं. म्हणून चांगल्या काळ्या चहात कॅरॅमल पुडिंगचा वास, चॉकलेट केकचा वास, दालचिनी, संत्र्याची साल आणि वर व्हॅनिला. साखरेचा कण नाही. सणासुदीला भेट द्यायला लाल फितीचा डबा. डबा आधी तयार झाला, चहा नंतर, यावरून काय ते समज.

आमच्या चाखण्याच्या खोलीत एक शिस्त आहे. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडायच्या, चमच्याने घोट उचलून जोरात फुर्रकन ओढायचा (तू मला लहानपणी याच आवाजासाठी धपाटे घालायचीस, इथे त्याचे पैसे मिळतात), तोंडात फिरवायचा आणि भांड्यात थुंकायचा. मुख्य टेस्टर थुंकेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. गिळायचं तर कुणीच नाही. दिवसभर वाटीमागून वाटी गिळली तर माणूस संध्याकाळी छताला चिकटेल.

मालकीणबाई जातीने आल्या होत्या. विक्रीप्रमुख डबा कडेवर घेऊन उभे होते. मी घोट ओढला. गरम पाणी आणि थोडा तुरटपणा, बाकी काही नाही. मी ठरवलंच होतं, की होयबाच्या चेहऱ्यावरून मत वाचायचं. चहा वाईट असला की त्याची डावी भुवई वर जाते. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो माझ्याकडे पाहत होता, नेहमीप्रमाणे. त्याच्याही तोंडात घोट तसाच. त्याच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं, पण भुवई जागची हलेना, कारण त्याला माझी हवी होती. गाल फुगवून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खोलीत इतकी शांतता, की विक्रीप्रमुखांच्या हातातली फीत सरकलेली ऐकू आली. शेवटी मला श्वास पुरेना आणि डोळे मिटून तो घोट मी गिळला.

ताई, त्या खोलीत मला गिळताना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. थुंकून टाकवेना, इतका हा चहा उतरला आहे, असा अर्थ सगळ्यांनी एकाच वेळी काढला. होयबाने ताबडतोब स्वतःचा घोट गिळला, ठसका लागून तो भिंतीला टेकला आणि तिथूनच त्याने मान हलवली. मी चष्मा पुसायला घेतला, तर तेही भारावून जाणं समजलं गेलं. आता डब्याच्या झाकणावर माझा फोटो छापला आहे, डोळे मिटलेला. विक्रीप्रमुखांनी तेवढ्यात टिपलेला, श्वास कोंडून गिळतानाचा आहे.

तर अशी खुर्ची वाचली. तुझी भावजय सांगते, की मी फोटोत प्रथमच समाधानी दिसतो. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार (ते बोलत असतील तर).

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट बंद करायच्या आत, आज सकाळी, नाक परत आलं. आधी साबणाचा वास आला, मग आमटीचा. (नावं ठेवली नाहीत.) आनंदाने मेजवानीचा डबा उघडला. करपलेल्या साखरेच्या पातेल्यात कुणी अत्तराची बाटली उपडी केली, तर तसा वास येईल. तसाच मालकीणबाईंकडे गेलो, म्हटलं खरं काय ते सांगून टाकावं. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, की मेजवानीची अख्खी मालिका काढायची आहे, आइस्क्रीम, जेली, बटर बिस्किट. होयबाने पहिला नमुना हुंगून रजा टाकली आहे, तेव्हा आता सगळी भिस्त माझ्यावर. न थुंकता हे पिऊ शकणारा टेस्टर दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडे नाही, म्हणून माझी खुर्ची कायमची पक्की. मी आभार मानून बाहेर आलो.

ता. क. दुसरा. या पत्राचं मुख्य कारण आता बदललं आहे. तुझ्याकडे, शेजारीपाजारी, कुणालाही चांगली जोरदार सर्दी झाली असेल, तर फोन कर. मी मिळेल त्या गाडीने येतो. औषध मात्र त्यांना देऊ नकोस.