आत्या आडवी आली

आई, लांबूनच पाया पडते.

मी धडधाकट आहे. उन्हाने नाक सोललंय, एवढंच. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथे अभ्यासासाठी डॉल्फिन ओळखायचे ते पाठीवरच्या पंखाच्या खाचांवरून. एकीचं नाव मी आत्या ठेवलंय. बोट दिसली की पहिली चौकशीला हीच. बाबांना सांगू नकोस.

दोन दिवस समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निश्चल आहे. पाण्यात सोडलेल्या माइकवर एरवी डॉल्फिनच्या शिट्ट्यांचा नुसता बाजार भरतो, तिथे आता चिडीचूप. बाकीचे सगळे पिल्लांना घेऊन खाडीत शिरलेत. एकटी आत्या बाहेर आहे.

काल खडकांपलीकडे निघालो तर ती बोटीपुढे आडवी आली. बोट वळवली, तर पुन्हा आडवी. आमच्या तुकडीचे सर म्हणाले, "खेळतेय." डिझेल कमी होतं म्हणून परतलो. आज टाकी भरून घेतलीय, पुन्हा तिकडेच जायचंय. हवा छान आहे, काळजी करू नकोस.

घरातून निघताना कुणी आडवं आलं, की तू पाणी देऊन घटकाभर बसवायचीस. मी चिडायचे. आज कुणीतरी बसवावं असं वाटतंय, पण सरांना हे कोणत्या तोंडाने सांगू?

हाका मारतायत. येते.

तुझी ठमी